राजासाठी साधा कोट

सौदीतल्या यान्बू शहरात माझं कपड्यांचं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात तिथे एक फ्रेंच बाई आली. नाव मी विचारलं नाही. तिच्या कॉलनीतली फ्रेंच मंडळी नाटक बसवत होती. जुनी ग्रीक शोकांतिका, पण आजच्या फ्रेंच रूपात. तिला राजाचे कपडे हवे होते. मी जरीचा झगा काढला. तिने मान हलवून ऑफिसात घालतात तसा करडा कोट उचलला.

"हा राजा आहे की कारकून?" मी चिडलो.

"आमच्या नाटकात राजा असाच येतो."

घासाघीस करताना ती फारसं बोलत नव्हती, नुसती बाहीवरून अंगठा फिरवत होती. असं गिऱ्हाईक मला आवडतं. मी गोष्ट विचारली. तिने सांगितलं, राजा एकाचं प्रेत पुरायला बंदी करतो आणि त्या मेलेल्याची बहीण हुकूम मोडून माती देते.

"मी त्या पोरीच्या बाजूचा," मी म्हणालो. "माझी वाट न बघता थोरल्या भावाने वडिलांना अग्नी दिला. तेव्हापासून मी त्याच्याशी धड बोललेलो नाही."

तिचा अंगठा थांबला. "आमचा राजा दुष्ट नाही. थकलेला आहे. दोष सगळे देतात, निर्णय घ्यायला मात्र तो एकटाच."

किंमत मी एका रियालनेही उतरवली नाही. तरी ती कोट घेऊन खुशीत गेली.

त्या शुक्रवारी मी दादाला फोन लावला.

"बोल," तो सावधपणे म्हणाला.

"आज तू बोल. बाबा गेले त्या दिवशी तुझ्यावर काय गुदरलं, ते सांग."

तो बराच वेळ बोलला. मी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.