सात पायऱ्यांसाठी चौदा किलो

"बारदान काढून बोला," असं ते म्हणायचे. बारदान म्हणजे मालाचं रिकामं पोतं. पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय मालाचं वजन कळत नाही, हा मापाड्याच्या धंद्यातला पहिला धडा त्यांनी साऱ्या जगाला लावला होता. कुणी पुढाऱ्याची स्तुती सुरू केली, कुणी जावयाच्या नोकरीचं कौतुक सांगू लागला, की काट्याच्या दांडीवरची नजर न काढता हे एवढंच बोलायचे. समोरचा जरा थांबायचा, आणि खरंच पोत्याएवढं कमी करून बोलायला लागायचा.

नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं मी बारामतीच्या मार्केट यार्डात एका अडतीवर लिखापढी करत होतो. शेतकऱ्याचा माल उतरायचा, हे आमचे मापाडी वजन करून आकडा पुकारायचे आणि मी तो हिशोबाच्या पट्टीवर लिहायचो. सगळे त्यांना तात्या म्हणत. ते मला दिवाणजी म्हणत. मी तेव्हा इतका किडकिडीत होतो की, माझा शर्ट बघून ते म्हणायचे, "दिवाणजी, तुमच्यात मालापरीस बारदानच जास्ती हाय." पोती मोजताना पहिल्या पोत्याला ते कधी 'एक' म्हणाले नाहीत, 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन. शकुन-अपशकुनावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण शेतकऱ्याच्या कानाला बरं वाटतं, मग आपलं काय जातं, असं त्यांचं म्हणणं.

स्वतः तात्या बुटके आणि चांगले रुंद होते. वडगाव निंबाळकरहून सकाळच्या एसटीनं यायचे, आणि यार्डाच्या फाटकातून आधी त्यांचं पोट आत यायचं, मग ते. याला कारण यार्डातली माणुसकी. माल मापून झाला की शेतकरी मापाड्याला चहा पाजणारच, आणि नाही म्हटलं तर 'वजनात काही खोट असंल' असा संशय घेणार. गुळाच्या दिवसांत तर प्रत्येक ढेपेचा खडा त्यांच्या तळहातावर यायचा. दिवसाला पंधरा-पंधरा चहा आणि वर गूळ. तीस वर्षांत माणसाचं काय होईल ते तुम्हीच सांगा.

तरीही वजनाची त्यांना कधी फिकीर नव्हती. फिकीर लागली ती एका वैशाख पौर्णिमेला. त्यांच्या बायकोला दोन वर्षांपूर्वी लकवा मारला होता. उजवं अंग गेलं आणि बोलणं जड झालं. त्याआधी गावातल्या विहारात वंदना म्हणायची ती त्यांनीच. बाकीच्या बायका मागून. पौर्णिमेला विहारात जायचं बायकोच्या मनात होतं. विहार अगदी घरासमोर, पण ओढ्याच्या चढावर बांधलेला, सात पायऱ्यांचा. तात्यांनी बायकोला दोन्ही हातांवर उचललं आणि चढायला लागले. तिसऱ्या पायरीवर त्यांचा गुडघा गेला. दोघंही खाली आले. बायकोच्या कपाळाला खोक पडली, ओठ फुटला.

हे त्यांनी मला पुढच्या गुरुवारी सांगितलं, बाजार उतरल्यावर. लागलं त्याचं त्यांना एवढं नव्हतं. बायको त्यांना एका शब्दानं बोलली नव्हती, ते त्यांना खात होतं. घरी आल्यावर ती फक्त म्हणाली होती की, आता मी घरातनंच हात जोडते. मी म्हटलं, तात्या, खुर्चीत बसवून चार जणांनी उचललं तर? ते त्यांच्या मुलानंही सुचवलं होतं. त्यावर त्या माउलीनं दिलेलं उत्तर त्यांनी मला जसंच्या तसं ऐकवलं.

"चौघांनी उचलायचं ते एकदाच असतंय म्हणाली. आन त्याला अजून येळ हाय."

मग राहिले ते एकटेच. पुढच्या वैशाखाला तिला वर न्यायचंच, असं त्यांनी ठरवलं. यार्डासमोरच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं की गुडघे अजून गेलेले नाहीत, त्यांच्यावरचं ओझं फार झालंय, ते उतरवा. बाईंच्या दवाखान्यातला गोल काटा मात्र तात्यांना पसंत पडला नाही. आत स्प्रिंग आहे म्हटल्यावर ते त्यावरून उतरलेच. स्प्रिंगचं काय, आज ताणंल, उद्या ढिली पडंल. दुसऱ्या दिवशी यार्डात येऊन ते स्वतःच्या काट्याच्या लोखंडी फळीवर उभे राहिले, दांडीवरचं वजन मला सरकवायला लावलं आणि आकडा स्वतःच पुकारला. लेंगा, सदरा, टोपी आणि चपला त्यांनी आदल्या दिवशीच वेगळ्या तोलून आणल्या होत्या, सव्वा किलो. तेवढं बारदान वजा जाऊन निव्वळ शहाण्णव. शेडच्या खांबावर त्यांनी खडूनं आकडा लिहिला.

आणि मग त्यांनी ती चूक केली. दहा दिवस लिंबूपाण्यावर काढले. दुसऱ्या गुरुवारी काट्यावर चढले तर साडेचार किलो कमी. हमालांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांचा चेहरा मात्र कांद्याच्या पातीसारखा पडला होता, आणि त्याच दुपारी माप चालू असताना ते उभ्याचे आडवे झाले. डोळे उघडले तेव्हा डॉक्टरीणबाई समोर होत्या आणि चांगल्याच रागावल्या होत्या. त्या म्हणाल्या की हे जे गेलं ते बहुतेक पाणी गेलं. दोन दिवस जेवलात की परत येईल. असंच चालवलंत तर पुढं अंगातली ताकद जाईल, मग उचलणार कशाच्या जोरावर?

 तात्या पडल्या पडल्या मला म्हणाले, "दिवाणजी, तीस वर्षं ह्योच धंदा केला, आन मला कळू नये? ओली ज्वारी आठ दिसात घटती, ती काय ज्वारी घटती व्हय? वल जाती. माल हाय तेवढाच."

त्या दिवसापासून त्यांनी घाई सोडली. जेवण सोडलं नाही. दोन भाकऱ्यांची एक केली, आणि भाजी, आमटी, काकडी-मुळा वाढवला. एसटीतून शहराबाहेरच कालव्याच्या पुलाशी उतरायचे आणि तिथून चालत यायचे. कंडक्टर पहिले काही दिवस वाद घालायचा, की तिकीट पुढचं आहे. मग तोच पुलाशी घंटी वाजवायला लागला. गूळ हातावर घेऊन कपाळाला लावायचे आणि परत ठेवायचे. चहाचा प्रश्न सगळ्यांत अवघड. त्यावर त्यांनी तोड काढली ती अशी, की शेतकऱ्याचा मान म्हणून एक घोट घ्यायचा आणि कप शेजारच्या हमालाला द्यायचा. हमाल तो बिनदिक्कत प्यायचे. एकदा कप देऊन तात्या हळूच मला म्हणाले की, माझ्या आज्याचा उष्टा कप ह्याच्या आज्यानं हातात तरी धरला असता का. एवढं बोलून ते पुढच्या पोत्याकडे वळले.

दर गुरुवारी बाजार उरकला की खांबावर नवा आकडा पडायचा. एका आठवड्यात पाव किलो, एकात अर्धा, एकात काहीच नाही. हमाल मागून फळीवर हळूच पाय ठेवायचे. तात्या मागं न बघता पायाचा मालक कोण ते सांगायचे. दिवाळीनंतर वजन दीड किलोनं वाढलं. मी म्हटलं, तात्या, या गुरुवारी नको लिहू या. ते माझ्यावर खवळले. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा एकदाच ऐकला.

"शेतकऱ्याचं कमी भरलं तर मी पुसतो काय? वाढलं तेबी लिवायचं."

आणि त्यांनी तो आकडा बाकीच्यांपेक्षा मोठा लिहिला.

बायकोचं वजन त्यांनी कधी काट्यावर केलं नव्हतं. नुसतं उचलून त्यांना कळलं होतं, साडेअडतीस किलो. माघ लागला तसं त्यांनी एका पोत्यात बरोब्बर साडेअडतीस किलो ज्वारी भरली. दुपारी यार्ड थंडावलं की दोन पोत्यांच्या बुटक्या थप्पीवरून ते पोतं दोन्ही हातांवर घ्यायचे, गोदामाच्या पायऱ्या चढायचे, उतरायचे आणि पोतं पुन्हा थप्पीवर ठेवायचे. हमालांना हसू आवरेना. पोतं पाठीवर घ्यायचं असतं, लेकरासारखं पुढ्यात कोण घेतं? तात्या पुढची पायरी चढायचे. पण ते कशासाठी चाललंय हे हळूहळू साऱ्या यार्डाला कळलं. एके दिवशी ते पायऱ्या चढताना पोत्याचं एक टोक खाली लोंबलं, तेव्हा सगळ्यात वयस्क हमाल बसल्या जागेवरून म्हणाला, "तात्या, मान धरा की तिची." त्यानंतर कुणी हसलं नाही.

पुढे दोन वर्षांनी तात्यांची बायको गेली. तात्यांना मुलानं पिंपरीला नेलं. मीही यार्ड सोडलं. तिकडेच ते वारल्याचं मला कुणाकडून तरी फार उशिरा कळलं, आणि आपण एकदाही भेटायला गेलो नाही याची लाज वाटली, ती अजून वाटते. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्या वैशाखाचं.

पौर्णिमेच्या आधीच्या गुरुवारी खांबावर ब्याऐंशी लिहिलं गेलं. पौर्णिमेला मी आणि दोन हमाल सकाळच्या एसटीनं वडगावला गेलो. गल्लीत पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. त्यांच्या दारात खाटेवर बाई बसल्या होत्या, नेसवलेल्या, भांग पाडलेल्या, आणि तोंडावर भीती अगदी स्पष्ट. कपाळावर गेल्या वर्षीची खूण होती. तात्या वाकले, तिला हातांवर घेतलं. खाट यार्डातल्या त्या थप्पीएवढीच उंच, त्यामुळे उचलणं सरावाचं होतं. गल्ली ओलांडली. पायऱ्या आल्या. तिसऱ्या पायरीवर ते क्षणभर थांबले, तेव्हा आम्ही तिघांनी खालून हात पुढे केले होते. मग चौथी, पाचवी. सातवी झाली तेव्हा माझ्या शेजारचा हमाल डोळे पुसत होता. मीही रडत होतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आत सतरंजी अंथरली होती. पहिल्या ओळीत बाईंची जागा राखलेली. तात्या तिथवर गेले आणि नुसतेच उभे राहिले. तिला ठेवीनात. मला कळेना. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं. तीन-साडेतीन महिने त्यांनी उचलायचा सराव केला होता, चढायचा केला होता. पण यार्डात पोतं कधी जमिनीवर अलगद कुणी ठेवत नाही. ते थप्पीवर टाकायचं असतं. गुडघे वाकवून खाली बसायचं आणि हातातलं धक्का न लावता सतरंजीवर टेकवायचं, हे त्यांनी एकदाही केलं नव्हतं, आणि ते गुडघे आता त्याला तयार नव्हते.

मी पुढे झालो. बाईंना धरायला हात लावणार, तेवढ्यात बाईंनीच डाव्या हातानं मला थांबवलं. त्यांच्याही ध्यानात आलं होतं. जड जिभेनं, एकेक शब्द सोडवत त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. मला हितनं समदं दिसतंय."

आणि तशाच, नवऱ्याच्या हातांवर असतानाच, त्यांनी वंदनेला सुरुवात केली. शब्द वाकडे उमटत होते, मध्येच अडत होते. पहिल्या ओळीला विहारात एकटा त्यांचाच आवाज होता. दुसरीला मागून साऱ्या बायकांनी धरली.

वंदना संपायला दहा मिनिटं तरी लागली असतील. तात्या जागचे हलले नाहीत. बाईंची मान त्यांनी नीट धरली होती. शेवटी चार बायका पुढे आल्या, त्यांनी बाईंना त्यांच्या हातांवरून उचलून घेतलं आणि सतरंजीवर बसवलं. बाई पदर सारखा करायला लागल्या. तात्या मात्र तिथेच उभे होते, आणि दोन्ही हात अजून तसेच पुढे धरलेले होते.