मामीने बुडवलेला कॅनव्हास

देवबागला जायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं. माहेरच्या माणसांकडे जायचं तर एकटीने सुखात जावं. नणंद आणि तिचा चित्रांचा पसारा बरोबर कोण घेईल? पण साठ-बासष्टच्या सुमाराला आमच्या घरी लग्नाच्या मुलीने एकटीने प्रवास करायचा नाही असा दंडक होता, आणि आमची ही नणंद, सुधा, तर हट्टाला पेटलेली. म्हणून माझी सोबतीण म्हणून रवानगी झाली. आता नव्वदीला टेकल्यावर नातीच्या ब्लॉगवर ते लिहायला बसलेय, कारण तुम्ही मंडळी हल्ली देवबागला जाता, होड्यांत बसून फोटो काढता, मासे खाऊन परत येता. जा, जरूर जा. पण मी तिथून काय आणलं तेही ऐका.

सुधाची चित्रं आम्हाला कळायची नाहीत. बाईच्या पोटात चूल, कपाळाला दार, भर समुद्रात उभी खिडकी. सासूबाई म्हणायच्या, जरा फुलं काढ की गं. ती ज्या चित्रकारांच्या मंडळात होती तिथे ही एकटी बाई. दरवर्षी प्रदर्शनात हिची चित्रं जिन्याखाली लागायची आणि तीही लहान लहान, कारण मोठं चित्र बाईला पेलत नाही असं त्या पुरुषांनी ठरवून टाकलेलं. त्या वर्षी हिने भांडून एक अख्खी भिंत मिळवली. अट एवढीच की भिंत भरेल असं एकच चित्र हवं. नाही जमलं तर पुन्हा जिना आहेच. आमच्या गिरगावच्या दोन खोल्यांत तेवढं कापड पसरायचं म्हटलं तर माणसांनी बाहेर झोपावं लागलं असतं. देवबागला माझ्या मामीचं अंगण मात्र मोठं होतं.

तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. डेकवर आपली वळकटी पसरायची, लिंबू हुंगत पडून राहायचं, बस्स. मी आडवी ती आडवीच, आणि ही बया कठड्याला धरून पाण्याकडे टक लावून बसलेली. विजयदुर्गला किल्ल्याच्या सावलीत बोट थांबली तेव्हा कुठे मी डोळे उघडले. मालवणला धक्क्याला लागायची सोय नव्हती. बोटीतून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं, आणि तेही नऊवारीत! पडाववाल्याने कॅनव्हासची गुंडाळी शीड समजून नीट आपल्या शिडाशेजारी ठेवली. आम्ही हसलो. पुढे बैलगाडी, आणि शेवटचा पल्ला वाळूतून पायी, एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र.

मामीने आल्याबरोबर उकड्या तांदळाची पेज आणि बांगड्याचं तिखलं पुढे केलं. त्या चवीसाठी मी परत बोटीत आडवी पडायला तयार आहे. मामा आणि मुलगे मासेमारीला गेलेले. घर, जाळी, शीड, सगळं तिच्या अंगावर. त्या दिवसांत जाळी सुती असायची. खाऱ्या पाण्याने कुसू नयेत, म्हणजे कुजू नयेत, म्हणून ऐनाच्या झाडाची साल उकळून तिचा काढा एका जुन्या होडीत ओतायचा आणि जाळी त्यात मुरवत ठेवायची. अंगणभर त्याचा तुरट वास असे.

सुधाने कापडाची खळ काढायला कॅनव्हास विहिरीवर धुतला आणि बांबूंवर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी आम्ही चौकटीसाठी खिळे आणायला मालवणच्या बाजारात गेलो. परत आलो तर बांबू मोकळे! कॅनव्हास त्या होडीत, लालकाळ्या काढ्यात बुडालेला. दुसरं तेवढं कापड आणायला ना वेळ होता ना ऐपत. भिंत गेली, हे दोघींनाही कळलं. मी मामीवर कडाडले.

मामीला आधी काही समजेनाच. एवढं मोठं जाड कापड तिने जन्मात शिडाशिवाय दुसऱ्या कशासाठी पाहिलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "खाऱ्या वाऱ्यात कोरा कापड एक पावसाळो टिकाचा नाय गो. माझ्या शिडाच्या आधी तुमचा घातलंय, पयल्या दाट काढ्यात. आता ह्या कुसाचा नाय."

सुधा त्या दिवशी जेवली नाही. सकाळी आम्ही कॅनव्हास वाळूवर पसरला. सगळा तपकिरी, कुठे दाट, कुठे फिका, घड्यांच्या जागी लांब पुसट रेघा. ती भोवती फिरत राहिली, मग गुडघ्यावर बसून एका डागावर हात फिरवत म्हणाली, "वहिनी, इतक्या मोठ्या पांढऱ्या कापडाची मला धास्तीच वाटत होती. इथे तर कोणीतरी आधीच उभी आहे बघ."

त्या डागातून तिने बाई काढली. कमरेपर्यंत पाण्यात, पोटात पेटलेली चूल, आणि हातांच्या जागी दोन जाळी, पार कडेपर्यंत गेलेली. शेजारच्या बायका रोज येऊन बघायच्या. एकीने विचारलं, हिच्या डोक्यावर पदर कसा नाही?

मामी जाळं सांधत होती. मान वर न करता म्हणाली, "पदर घेवक तिचे हात मोकळे खंय आसत?"

बायका हसल्या, मग चित्राकडे पुन्हा वळून बघू लागल्या. मीही. इतकी वर्षं मी ज्या चित्रांची टिंगल केली ती मला तिथे, मामीच्या अंगणात, पहिल्यांदा कळली.

मुंबईत ती भिंत भरली. मंडळातल्या एका गृहस्थांनी जवळ जाऊन विचारलं, हा तपकिरी रंग विलायती दिसतो, कुठला? सुधा म्हणाली, "माझ्या वहिनीच्या मामीचा." जिन्याखाली ती पुन्हा कधी गेली नाही.

चित्र कोणी घेतलं नाही, ते गुंडाळून माझ्याकडे आलं आणि पुढे मोठ्या घरात भिंतीवर लागलं. सुधा आता नाही. तिच्या इतर चित्रांना मुंबईच्या दमट हवेने बुरशी धरली, काहींचं तर कापडच फाटलं. हे मात्र जसंच्या तसं आहे. त्या बोटीचे, त्या पेजेचे, त्या हट्टी पोरीचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि सगळ्यात जास्त मामीचे. दर पावसाळा संपला की मी खुर्चीचा आधार घेऊन उठते, कापडावर हात फिरवते आणि तिला मनातल्या मनात सांगते, मामी, कुसलं नाही गो.