ठिबकवाले नाना आणि आमचा शॉवर

बिघडलेल्या जागेकडे नाना आधी कधीच बघत नसत. मी त्यांना तडक बाथरूमकडे नेत होते, तर ते दारातच थांबले आणि म्हणाले, "पह्यले पानी कोठून येस ते दखाड, माय." त्यांच्याआधी आलेले दोन्ही प्लंबर सरळ शॉवरखाली जाऊन उभे राहिले होते. एकाने शॉवर बदलला, दुसऱ्याने प्रेशर पंप बसवा म्हणून सांगितलं. नाना प्लंबर नव्हतेच. माणूस धुळ्याकडचा, पण उभी हयात रावेरच्या केळीबागांमध्ये ठिबकच्या नळ्या जोडण्यात गेलेली. मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंच्या शेतात ते काम करत. त्यांनीच नानांना पिंप्राळ्याला आमच्या घरी पाठवलं होतं.

मला घाई होती, आणि भीती त्याहून जास्त. माझी आई, अक्का, अर्धांगाच्या झटक्यानंतर जामनेरहून आमच्याकडे आली होती. डावा हात लुळा पडला होता, त्या अंगाला गरम-गार कळत नव्हतं, आणि उजव्या हातात भरलेला तांब्या उचलण्याइतका जोर उरला नव्हता. गार पाणी तिला सोसत नसे आणि दुसऱ्याने आंघोळ घातलेली चालत नसे. "मी काही तान्हं बाळ नाही. जमत नसेल तर मला जामनेरला सोड," ती म्हणे, आणि म्हटलं ते करणारी बाई. जामनेरच्या घरात तिच्याजवळ कुणीही नव्हतं.

म्हणून खुर्चीवर बसून शॉवरखाली आंघोळ, एवढाच मार्ग उरला. पण गार पाणी कधी करंगळीएवढं येई, कधी नुसतं ठिबके. गीझरची लाइन वेगळी, त्यामुळे गरम मात्र पूर्ण जोराने. एकदा तिचा डावा खांदा भाजला. तिला पत्ताच नाही, फोड मी पाहिला. तेव्हापासून ती आत गेली की मी दाराला कान लावून उभी राही आणि तेवढा वेळ घरात कुणाला नळ उघडू देत नसे.

नानांचं हत्यार पिशवीतून सहसा उशिरा निघे, तोवर हातच चाले. मी त्यांना गच्चीवर टाकीपाशी नेलं. होळी होऊन गेली होती, ऊन चांगलं तापलं होतं. टाकीतून उतरलेला आमचा गार पाण्याचा पाइप गच्चीच्या कठड्यावर चढून पलीकडे खाली जातो. त्या पाइपावर तळहात फिरवत ते बैलाची पाठ चाचपावी तसे चालले होते. सत्तरीचा माणूस कठड्यावरून वाकलेला. मी चार वेळा "जपून, नाना" म्हटलं, तेव्हा ते वळून म्हणाले, "तूच माले भिवाडी ऱ्हायनी. तू खाले जाय."

मी गेले नाही. कठड्यावर पाइप जिथे उंच होतो तिथे त्यांनी हात झटकन मागे घेतला. "आठे पानी नही. वारा शे." पाणी भरलेला पाइप उन्हातही जरा गार लागतो, रिकामा चटका देतो, हे त्यांनी मला हात लावायला लावून दाखवलं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये टाकी रिकामी होते, हवा त्या उंचवट्यात शिरून बसते आणि मागून येणाऱ्या पाण्याची वाट अडवते. शेतात चढावर हवा सोडायला व्हॉल्व्ह लावतातच, घरात तो कुणाला सुचला नव्हता. नानांनी केळीबागेतला एक व्हॉल्व्ह पिशवीतून काढला आणि तिथे बसवला.

शॉवर धो धो वाहू लागला. मी अक्काला आणायला निघाले, तर नानांनी अडवलं. टाकी दोनदा पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरू दे, तोवर तिला आत पाठवायचं नाही म्हणाले. अक्का खवळली. "तुझा केळीवाला आता माझ्या आंघोळीचा मुहूर्त काढणार का?" तिने मुद्दाम मोठ्याने विचारलं. नाना जिन्यातूनच म्हणाले, "अक्का, केळीले बी मी इतलं जपत नही."

दोन्ही वेळा पाणी आलं त्या सकाळी ते हजर. स्वतःचा हात कोपरापर्यंत शॉवरखाली धरत आणि मला घरातले सगळे नळ एकदम उघडायला सांगत. दुसऱ्या खेपेला हात पुसत त्यांनी मान हलवली. अक्का आत गेली, दार लोटलं गेलं, आणि मी सवयीने कान लावला. नानांनी मला बाजूला बोलावलं. "म्हातारा मानूसले आपलं आंग आपलं धुवू दे. कान लावू नको." मी ओट्यावर जाऊन बसले. हातातला चहा निवून गेला. शेवटी अक्का भिंतीला धरत बाहेर आली आणि नानांकडे न बघता म्हणाली, "केससुद्धा धुतले."

पुढची तीन वर्षं नाना उन्हाळ्याच्या तोंडाला न बोलावता येत, व्हॉल्व्ह साफ करत आणि अक्काचे टोमणे खाऊन जात. यंदा आले नाहीत. फोन केला तर कळलं, पडले, कंबरेचं हाड मोडलं, आता अंथरुणावरच आहेत. रविवारी मी धुळ्याला गेले. खाटेवर पार वाळून गेले होते. मला पाहताच विचारलं, "अक्का आपली आपली आंघोळ करस ना?"

मी हो म्हटलं. खरं तर दिवाळीपासून अक्काचा उजवा हातही उठत नाही. तिला मीच आंघोळ घालते आणि आंघोळ होईपर्यंत ती डोळे घट्ट मिटून घेते. नाही म्हटलं असतं, तर व्हॉल्व्ह अडकला असं समजून नानांनी पडल्यापडल्या पिशवी मागितली असती.

"मंग बरं शे," नाना म्हणाले. तेवढ्यात त्यांचा मुलगा अंग पुसायला गरम पाण्याची बादली आणि पंचा घेऊन आला. नानांनी भिंतीकडे तोंड केलं. मी उठले आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.