पाणबुडीतली पंगत

देवळात शिरताना आपण वाकतो, उंबऱ्याला बोटं लावतो आणि ती डोळ्यांना लावतो. मी तेच पाणबुडीच्या दाराशी केलं. दार कसलं, पोलादात कापलेलं गोल भोक. वर उठताना कपाळ असं आपटलं की मागच्या रांगेतल्या बायका मनापासून हसल्या. "ह्यांना कुठंही न्या, देऊळच दिसतं," माझी बायको कमला म्हणाली.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणणार, याच्या डोक्याला मार लागला होता. लागला होता... ते धरूनच वाचा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कुंभकोणमला माझं नाचियार्कोविलच्या पितळी समयांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांनी सांगितलेले चमत्कार तीस वर्षं ऐकून असल्या गोष्टींवरचा उरलासुरला विश्वासही उडालाय.

आम्ही तंजावूरकडचे मराठी, राहतो कुंभकोणमातल्याच मेलकावेरीत. घरात मराठी, बाहेर तमिळ. मुलगी तुळजा अकरा वर्षांची, तिला दम्याचा त्रास. तिनं पाणबुडी बघायचा हट्ट धरला म्हणून सुट्टीत आम्ही आंध्राच्या किनाऱ्यावर गेलो. संग्रहालयाचं नाव देत नाही, तिथल्या लोकांची काहीच चूक नव्हती. निवृत्त झालेली, नौदलाची खरी पाणबुडी, वाळूत आणून बसवलेली.

पिशव्या बाहेर जमा करायच्या होत्या. कमलाची पिशवी जमा झाली, तुळजाचा इन्हेलर तिच्यातच राहिला. मी मात्र केळीच्या पानात बांधलेलं दहीभाताचं पुडकं शर्टाच्या आत दडवून नेलं, मला शुगर आहे ना. इन्हेलर बाहेर आणि दहीभात आत — यावरून बाप कसा आहे ते ओळखा.

आत एक माणूस जेमतेम जाईल एवढा बोळ. भिंतीभर नळ्या आणि चाकं, डिझेलचा शिळा वास. आणि पहिल्या पावलापासून एक वाटत होतं... आपण इथं नको आहोत. भांडण चाललेल्या घरात पाहुणा म्हणून शिरावं, सगळ्यांनी बोलणं थांबवावं, तसं.

गाईड बाकीच्यांना घेऊन पुढं गेला, कमलाही गेली. माझं डोकं गरगरत होतं. खलाशांच्या जेवणाचं टेबल आणि लांब बाक दिसला, तिथं बसलो. तुळजा शेजारी. हळूच पुडकं उघडलं.

पान समोर आलं की माझा हात आपोआप चालतो, डोकं विचारत नाही. हातातल्या बाटलीतलं पाणी पानाभोवती फिरवलं आणि उजवीकडं भाताच्या चार चिमट्या ठेवल्या. चित्राहुती. यमाच्या आणि त्याच्या माणसांच्या नावानं ठेवायची, असं वडिलांनी शिकवलेलं. घरी त्या मुंग्या खातात.

"अप्पा, सरका ना," तुळजा म्हणाली.

"कुठं सरकू? मी टोकाला आहे. पलीकडं अख्खा बाक रिकामा आहे, तू सरक."

"नाही सरकता येत. दोन्हीकडून दाबतायत."

आमच्या दोघांत वीतभर जागा होती. तरी माझ्या दंडाला काहीतरी टेकलेलं होतं — ओलं, जड, भिजलेल्या बाहीसारखं. आणि तुळजाच्या छातीतून ती शिट्टी सुरू झाली. ती शिट्टी मी झोपेतही ओळखतो.

तिला उचलायला उठलो, आणि उठता येईना. लहानपणी पंगतीतून मध्येच उठलं की शेजारचे मामा सदरा धरून खाली बसवायचे, "सगळ्यांचं होऊ दे." अगदी तसंच. फक्त मामांच्या हातात माया होती. इथं नव्हती. इथं दावा होता. पानाच्या उजवीकडं बघितलं... चार चिमट्या नव्हत्या.

तुळजाचे ओठ निळसर व्हायला लागले. मी हाक मारली, आवाज निघाला नाही.

तेवढ्यात कमला परतली, टेबलाच्या पलीकडं दारात थांबली. तिनं आमच्याकडं बघितलं नाही. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, सावकाश. मग पुढं वाकली आणि पान दुमडलं — खालचा अर्धा वर, आमच्यापासून पलीकडं.

आमच्याकडं लग्नामुंजीत जेवण झालं की पान आपल्याकडं दुमडतात, पुन्हा यायचं म्हणून. पलीकडं दुमडतात ते फक्त मयताच्या घरी, असं जेवण पुन्हा नको म्हणून.

"पोदुम्," ती म्हणाली. पुरे. "एळुंदिरिंग." उठा. बाहेर वापरतो ती तमिळ, आणि सूर मुक्काम लांबवणाऱ्या नातेवाइकांना लावते तो.

दंडावरचं ओझं गेलं. तुळजाला उचललं आणि त्या भोकातून कसा बाहेर आलो मला आठवत नाही. कमला पिशवीकडं धावली. इन्हेलरचे दोन फवारे, मग आणखी एक... आणि पोरीनं पूर्ण श्वास घेतला. मी तिथंच वाळूत बसून रडलो, त्या मघाच्या बायकांसमोर. या वेळी कुणी हसलं नाही.

तुळजाच्या फ्रॉकचे दोन्ही खांदे ओले होते. डिझेलचा वास तीन धुण्यांनंतरही गेला नाही. आमचे कुंभकोणमचे डॉक्टर म्हणाले, कोंदट हवा, उतरलेली शुगर, भीती. असेल. फ्रॉकचं विचारलं तर म्हणाले, कुठंतरी घासला असेल. मला अजून दुसरं कारण सापडलेलं नाही.

कमला यावर काही बोलायची नाही, विषय काढला की स्वयंपाकघरात निघून जायची. परवा दुपारी वाढत होती. तुळजा शाळेत होती. मी विचारलं, "पान तसं दुमडायचं तुला सुचलं कसं?"

"तुम्ही बसला होतात," ती म्हणाली. "मी उभी होते. मला सगळी पंगत दिसत होती."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "भुकेले होते का गं?"

तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"पानात उरलेल्या भाताकडं एकाचंही लक्ष नव्हतं. पोर श्वास घेत होती, तिकडं बघत होते."