आईची मिश्री

आज भोकरदनच्या बाजारातून येताना एका दारातून भाजलेल्या तंबाखूचा वास आला आणि मी थबकले. पिंपळगाव रेणुकाईच्या आमच्या घरात सकाळ याच वासानं उजाडायची. आई तव्यावर तंबाखू भाजून काळी मिश्री करायची आणि दिवसातून सहा-सात वेळा हिरड्यांना लावायची. तिच्या बोटाचं टोक कायम काळं असायचं.

मला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी तिच्यापुढं सौदा ठेवला. आठवडाभर मिश्री लावली नाही, तर रविवारी शंभर रुपये. आई हसली, पण चार रविवार तिनं खुशीनं नोट घेतली. पाचव्या रविवारी मी नोट पुढं केली, तर तिनं हात पदराखाली घेतला.

"ठिव तुझ्याकडं. बुधवारी लावली म्या. दाढ लई ठणकून राह्यल्ती."

तिनं सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. तरी मी चिडले. "मंग आतापर्यंतचं सगळं वाया गेलं की!"

"चार हप्ते बिलकुल न्हाई लावली, ते न्हाई दिसलं व्हय तुला?"

मी नोट पर्समध्ये टाकली. ठरल्याप्रमाणे वागले, असंच तेव्हा वाटलं. आता वाटतं, आपण चुकलो हे आपणहून सांगायला तिला किती जड गेलं असेल, आणि मी तिला एक बरा शब्दही दिला नाही.

आईनं पुन्हा माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. वर्षभरानं तिनं मिश्री कायमची सोडली. मला ते शेजारच्या काकूंकडून कळलं.