खणातला शिक्का

नवीन पातं हातात आलं की ते आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवायचे. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. घसरलं तर धार नाही, पातं नकाराच्या डब्यात. अडकलं तर चष्मा कपाळावर चढवून पहिला प्रश्न ठरलेला: "जनावर कोणतं?"

जपानी ऑफिसात काम केलं असेल तर असा एक म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. निवृत्त झालेला, तरी वर्षावर्षाच्या करारावर खिडकीशी बसवलेला. आमचा म्हातारा शिकारीच्या बाणांना लावायची पाती तपासायचा. ब्रॉडहेड म्हणतात त्यांना. आमची कोतोमधली छोटी ट्रेडिंग कंपनी ती अमेरिकेला पाठवायची. खुद्द जपानात धनुष्यबाणाने शिकार करायला बंदी आहे. म्हणजे हरणाला कोणतं पातं आणि अस्वलाला कोणतं, हे आयुष्यभर ठरवणाऱ्या या माणसाने एकही जनावर मारलेलं नव्हतं. आणि त्यांच्या हाताखाली इंग्रजी माहितीपत्रकं लिहायला मी, जिच्या पुण्याच्या घरी अंडं उकडायचं भांडंसुद्धा वेगळं असायचं. जोडी छान जमली होती.

कुलकर्णीचं ते कुरुकारुनी-सान करायचे. एकदा मी विचारलं, भाजीसाठी सुरी कोणती घेऊ?

"जनावर कोणतं?"

"दुधी."

दुधी काय असतो ते मी कागदावर काढून दाखवलं. त्यांनी बराच वेळ ते चित्र न्याहाळलं. "हाड नाही. मग पातळ घ्या," म्हणाले.

पात्यांचं सगळं त्यांनीच शिकवलं. एक जात पक्क्या पात्यांची. दुसरी मिटलेली, ती लागल्यावर उघडते. मिटलेली सरळ उडते, म्हणून गिऱ्हाईक तिच्यावर खूश. "पण उघडायलाच तिची निम्मी ताकद जाते. हरणाच्या बरगडीला ठीक आहे. मोठ्या जनावराच्या खांद्याला लागली की वाकते, मोडते. मग जनावर मरत नाही, पळतं. दोन दिवस मरत राहतं." मग म्हणाले, "तुम्ही मांस खात नाही, तुम्हाला हे लवकर कळेल." हे कुठलं तर्कशास्त्र ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

त्यांचा विश्वास फक्त हाडावर. गोदामाच्या जिन्यातून खालपर्यंत एक पाइप सोडला होता. वरून वजन बांधलेला बाण सोडायचा, खाली गाईच्या खांद्याचं हाड. हाडं आणायचं काम माझ्याकडे, कारण खाटिकाचं दुकान ग्योतोकुला माझ्या घराजवळ. मी कुलकर्ण्यांची मुलगी, तोझाई लाइनच्या मेट्रोत मांडीवर गाईची हाडं घेऊन बसायचे. आईला फोनवर सांगायचे, ऑफिसात सॅम्पल टेस्टिंग करते.

मंजुरीच्या कागदावर त्यांचा हांको, म्हणजे नावाचा शिक्का, पडल्याशिवाय माल हलायचा नाही. जपानात सहीला कोणी विचारत नाही, शिक्का म्हणजे माणूस. त्यांचा तो लाल गोल ठसा प्रत्येक डब्यातल्या कार्डावरही छापलेला असायचा. शिक्का खणात, पेपरमिंटच्या जुन्या डबीत. "मी नसताना पार्सल आलं तर मारा," असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. आमच्या मजल्यावर दुसऱ्या कुणाला त्यांनी खण उघडू दिला नसता.

ते मूळचे फुकुशिमाच्या किनाऱ्याजवळचे. भूकंपानंतर अणुभट्टी फुटली आणि गावच बंद झालं. बायको त्याआधीच गेली होती. घर उभं होतं, पण जायचं तर परवानगी काढून, पांढरा झगा घालून, काही तासांपुरतं. घरात रानडुकरं शिरली होती. ऑफिसातल्या एका दीडशहाण्याने विचारलं, "मग रानडुकराला कोणतं पातं?" हे म्हणाले, "पक्कं, दोन धारांचं. पण कायद्यात बसत नाही." आणि पुढचं पातं नखावर टेकवलं. त्या दिवशी मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. माझ्या हातून काय होणार आहे ते मला कुठे माहीत होतं.

त्या वर्षी एक नवं मिटणारं पातं आलं. पाइपातून तीनदा सोडलं, तीनदा मोडलं. त्यांनी कागदावर पेन्सिलने लिहिलं: हरणापर्यंतच, मोठ्या जनावराला नाही. अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाला मात्र डब्यावर 'सर्व मोठ्या जनावरांसाठी' असं हवं होतं. ते फुकुशिमाला घर बघायला गेले त्याच दिवशी आमच्या काचोंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, ती ओळ गाळून कागद नव्याने टाइप करून आणला. कंटेनर दुपारी निघणार होता. म्हाताऱ्याचा फोन लागत नव्हता.

"शिक्का खणात असतो ना?" काचो हसून म्हणाले. "नुसता उपचार आहे, कुरुकारुनी-सान."

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ती हाडं मी आणली होती, पात्यांचे तुकडे मीच गोळा केले होते. माझाही करार त्याच महिन्यात संपत होता, आणि त्याच्यावर व्हिसा. पण खरं सांगू? भीती होतीच, त्याहून मला चांगलं म्हणवून घ्यायचं होतं. बाहेरची असून किती सांभाळून घेते, असं. मी डबी उघडली. ठसा पहिल्याच फटक्यात स्वच्छ उमटला.

दुसऱ्या दिवशी ते आले. बायकोच्या कपाटातल्या रजया डुकरांनी ओढून काढल्या होत्या आणि एक मादी पिल्लं घेऊन त्या ढिगावर झोपली होती, एवढंच बोलले. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्यांना चहा दिला. मग आज सांगू, उद्या सांगू करत पावसाळा गेला, हिवाळा आला.

डिसेंबरात अमेरिकेहून पाकीट आलं. आत मोडकं पातं, आमचं कार्ड आणि एका शिकाऱ्याचं पत्र. पत्र कार्डावरच्या शिक्क्याच्या मालकाला लिहिलेलं होतं. मी वाचून दाखवू लागले.

"जनावर कोणतं?"

"मूस," मी म्हणाले. घोड्याहून थोराड हरण. पातं खांद्यात मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी सापडलं तेव्हा ते दलदलीत बसलेलं होतं आणि जिवंत होतं. शिकाऱ्याने तक्रार केली नव्हती. त्याने फक्त विचारलं होतं, हे तुम्ही खरंच तपासलं होतं का?

त्यांनी मोडकं पातं नखावर टेकवलं. मग कार्डावरच्या ठशावर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते नुसते बघत राहिले, आणि त्यांना कळलं. खण त्यांनी एकाच माणसाला दाखवला होता.

त्या पत्रावरून झालेल्या बैठकीत काचो टेबलाकडे बघत बसले. हे उठले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "शिक्का माझा आहे. चूक माझी." मी त्यांच्या शेजारीच बसले होते. तोंड उघडायला मला काय लागणार होतं? मी वहीत लिहून घेत होते. त्या बैठकीचं इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे.

माफीचं पत्र त्यांनी जपानीत लिहिलं. इंग्रजी मी केलं. त्यात 'मी तपासायला चुकलो' असं वाक्य होतं. इंग्रजी नीट झालंय का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हणाले.

मार्चअखेर त्यांचा करार संपला. माझा वाढला. ते गावाजवळच्या तात्पुरत्या घरांत राहायला गेले, एवढं कळलं. दर नव्या वर्षी मी कार्ड पाठवायचे. उत्तर आलं नाही, आणि चौथ्या वर्षी माझं कार्ड परत आलं. मी तेवढ्यावर थांबले.

त्यांचं टेबल मला मिळालं. खणात पेपरमिंटची डबी तशीच होती. मला वाटलं विसरले. आत शिक्का होता, पण त्यावर नाव नव्हतं. पाती घासायच्या दगडावर धरून त्यांनी सगळी अक्षरं काढून टाकली होती, अगदी सपाट, हाताला मऊ लागेपर्यंत. काम नेहमीसारखंच चोख होतं.

मी तो नखावर टेकवून बघितला. घसरला.