तुरटी फिरवलेलं पाणी

आधी सरांचं सांगतो, मग काय झालं ते. सर अमरावतीच्या कॉलेजात सेंद्रिय रसायन शिकवत. सातवीनंतर शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब आलेल्या मला त्यांनी प्रयोगशाळेत हंगामी काम मिळवून दिलं, आणि कॉलेज सुटल्यावर समोर बसवून माझ्याकडून मॅट्रिकची तयारी करून घेतली. आज मी बाहेरगावी बी.एस्सी.ला रसायन शिकतो आहे, ते त्यांच्यामुळे.

अकोल्याला सूत रंगवायचा एक कारखाना होता. त्याच्या मागच्या वस्तीतल्या विहिरीला लाल पाणी येऊ लागलं होतं आणि मुलांच्या अंगाला खाज सुटत होती. वस्तीतला एक तरुण शिक्षक सरांकडे तक्रार घेऊन आला. कारखान्याचे मालक आमच्याच संस्थेच्या कार्यकारिणीवर. ते म्हणाले, खाली मुरूम आहे, मुरमाचं पाणी लालच असतं. प्राचार्यांनी सरांना बजावलं, "कार्यकारिणीच्या शनिवारच्या सभेत काय ते दाखवा. नाही तर हा उद्योग बंद, आणि प्रयोगशाळेतला हंगामी माणूसही बंद."

तो हंगामी माणूस मी होतो. घरी काय लिहायचं, या विचाराने मला जेवण जाईना.

तपासणी तशी सोपी होती. पाण्यात थोडं आम्ल घालून पांढऱ्या लोकरीचा धागा उकळायचा. मातीचा रंग धुतला की जातो, कारखान्याचा रंग लोकर सोडत नाही. शिक्षकाने घरून भरून पाठवलेली बाटली आली. पाणी नितळ! धागा उकळून काढला तर तो होता तसाच पांढरा. सरांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाले, "चाल, उद्या अकोल्याले जाऊ."

शुक्रवारी बडनेऱ्याहून गाडी धरली. शिक्षकाच्या आईने अंगणात बाज टाकली आणि लख्ख घासलेला तांब्या पुढे केला. त्यातलंही पाणी नितळ. विहीर तर तिथूनच दिसत होती, लालसर.

"माय, हे पानी कुठलं?" सरांनी विचारलं.

"याच विहिरीचं. रात्री तुरटी फिरवली, सकाळी दुपदरी फडक्यातून गाळलं. पाव्हण्याले लाल पानी देऊ काय?"

"आन् आमाले बाटलीत कोणतं धाडलं होतं?"

"हेच की! कॉलेजातले मोठे लोक पाहतीन. त्याईले घाण पानी धाडू? आमच्या घरचं म्हटलं का लोक आधीच तोंड फिरवतात, मास्तर."

सरांनी कपाळाला हात लावला. "माय, तू तं मले बुडवलं!"

"मी काहून बुडवू? लेकरं खाजून खाजून रडतात, त्याचं सांगा. दुसऱ्या विहिरीवर आमाले कोण जाऊ देते?"

 सरांनी स्वतःच पोहरा सोडला. एक बाटली विहिरीची, एक कारखान्याच्या नालीची, एक आईच्या तांब्यातली. थोडा मुरूमही पुडीत बांधून घेतला. परतीच्या गाडीत मी बाटल्या मांडीत धरून बसलो. डबा हादरला की मी बुचं दाबून धरायचो.

शनिवारी सकाळी तीन बाटल्यांचं पाणी आणि मुरूम कालवलेलं साधं पाणी अशी चार चंचुपात्रं शेजारी शेजारी उकळायला ठेवली. चिमट्याने मी धागा पुन्हा पुन्हा उचलून पाहत होतो. "अबे, तू घडीघडी पाहून राहिला म्हणून रंग बदलत नाही," सर म्हणाले, पण स्वतःही पात्रांवर वाकून उभे होते. धागे नळाखाली धरले. मुरमाचा धुतल्यावर पांढरा झाला. तांब्यातल्या पाण्याचा तर पांढराच होता. विहिरीचा आणि नालीचा मात्र एकाच लाल रंगाचे राहिले.

परवाच्या पांढऱ्या धाग्याची बातमी मालकांपर्यंत गेली होती. सभेत ते हसले. "परवा पांढरा, आज लाल? लोकर बदलली काय, मास्तर?"

तुरटीने रंग गाळासोबत तळाशी बसतो, ही हकीकत सरांनी सांगितली आणि चारही धागे टेबलावर मांडले.  प्राचार्यांनी अहवाल नगरपालिकेकडे पाठवायला मान्यता दिली. पुढे नाली वळवण्यात आली. माझं काम टिकलं.

पण त्याच सभेत दुसरा एक विषय होता, मला माहीत नसलेला. डॉक्टरेटसाठी पुण्याला जायला सरांनी दोन वर्षांची रजा मागितली होती. मालक म्हणाले, "यांना इथंच एवढं काम दिसतं, रजा कशाला?" ती नामंजूर झाली. त्यानंतर सरांनी पुन्हा अर्ज केला नाही.

बाहेर आल्यावर मी मान खाली घालून त्यांच्या मागे चालत होतो. सर सायकलचं कुलूप काढत म्हणाले, "तोंड काहून पाडलं? तुयी नोकरी वाचली ना? जा, जेवून घे."

ती रजा मला परत आणता येणार नाही. बी.एस्सी. अजून व्हायची आहे आणि गणिताची भीती काही गेलेली नाही. पण सर, जी पदवी तुमची राहिली ती मी मिळवीन, याच पाण्याच्या कामावर, आणि तो प्रबंध अमरावतीला येऊन तुमच्या हातात देईन. कधी, ते आज सांगता येत नाही. पण देईन.